थेरपी बोर्डिंग शाळांमधला मुलांचा छळ

थेरपी बोर्डिंग शाळा म्हणजे अमेरिकेतली अशी खासगी निवासी शाळा जिथे हाताबाहेर गेलेल्या किंवा मनाने खचलेल्या टीनएजर मुलामुलींना आईवडील भरपूर पैसे भरून ठेवतात, आणि शिक्षण आणि उपचार दोन्ही एकाच जागी होतील असं त्यांना सांगितलेलं असतं. कारणं काहीही असतात, ड्रग्ज, डिप्रेशन, शाळा बुडवणं, घरातून पळून जाणं, कधी नुसतं उलट बोलणं. आपल्याकडे ‘नीट वाग नाहीतर बोर्डिंगात टाकीन’ हे वाक्य बऱ्याच जणांनी लहानपणी ऐकलेलं असतं, तिकडे त्या वाक्याचा अख्खा धंदा झालाय आणि त्याला ‘ट्रबल्ड टीन इंडस्ट्री’ असं नावही आहे. रानावनात फिरवणारे विल्डरनेस कॅम्प, लष्करी थाटाचे बूट कॅम्प आणि चर्चवाल्यांचे रँच हे सगळे याच धंद्यातले. तिथे सव्वा ते दोन लाख मुलं असतात असा आकडा नेहमी दिला जातो, पण तो अंदाजच आहे, कारण देशभरातल्या अशा सगळ्या जागांची एक यादी कुठे ठेवलेलीच नाही.

सगळ्या शाळा छळछावण्या आहेत असं कुणी म्हणत नाही, आणि आईवडीलही दुष्ट नसतात, बहुतेक वेळा घाबरलेले असतात. मुलगी दोनदा आत्महत्येचा प्रयत्न करून बसली, जवळपास नीट मानसोपचार मिळेना, इन्शुरन्स हात वर करतो, अशा वेळी कुणीतरी ‘एज्युकेशनल कन्सल्टंट’ गोड आवाजात सांगतो की डोंगरात एक छान जागा आहे, घोडे आहेत, मोकळी हवा आहे. महिन्याला काही हजार डॉलर लागतात, त्यासाठी लोकांनी घरं गहाण टाकलीयेत.

बऱ्याच मुलांची सुरुवात पहाटे होते. तीन-चार वाजता खोलीत दोन धिप्पाड अनोळखी माणसं येतात, ‘सरळ येतोस की बेड्या घालू’ असं विचारतात, आणि आईवडील दारात उभे राहून रडत असतात पण अडवत नाहीत, कारण त्यांनीच त्या माणसांना पैसे दिलेले असतात. यातून गेलेले लोक याला ‘गूनिंग’ म्हणतात, कंपन्या ‘ट्रान्सपोर्ट सर्व्हिस’ म्हणतात. हे कायद्यात बसतं कारण अमेरिकेत अल्पवयीन मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवायचा आईवडिलांचा अधिकार फार मोठा आहे. 1979 च्या पारहॅम विरुद्ध जे. आर. खटल्यात सुप्रीम कोर्टाने तर मुलाला सरकारी मनोरुग्णालयात भरती करतानाही आधी कोर्टापुढे सुनावणी व्हायलाच हवी असं नाही, डॉक्टरने तपासून ठरवलं की पुरे, असं म्हटलं. खासगी शाळेत बऱ्याचदा तेवढंही नसतं.

आत गेल्यावर लेव्हल असतात. पहिल्या लेव्हलला बोलायची परवानगी नाही, संडासलाही विचारून जायचं, खिडकीबाहेर बघितलं तरी पॉइंट कापतात. घरी फोन करायला वरची लेव्हल लागते आणि त्यात महिने जातात, वर फोनवर शेजारी स्टाफ बसलेला, पत्रं आधी वाचली जातात. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी मला मारहाणीपेक्षाही भयंकर वाटते: आईवडिलांना पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं की तुमचं मूल खोटं बोलेल, इथे मारतात, उपाशी ठेवतात असं सांगेल, ते ‘मॅनिप्युलेशन’ आहे, त्याला बळी पडू नका. म्हणजे तक्रार केली की ती आजाराचं लक्षण ठरते आणि गप्प बसलं की उपचार लागू पडला. मुलाने कुठूनही तोंड उघडलं तरी उत्तर आधीच तयार.

हे तंत्र आलं कुठून तर सिनॅनॉनमधून. 1958 साली चार्ल्स डीडरिक नावाच्या दारू सोडलेल्या माणसाने कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला व्यसनमुक्तीसाठी ही संस्था काढली, तिथे ‘गेम’ नावाचा प्रकार होता, सगळे गोल करून बसणार आणि एकाला धरून तासन्‌तास त्याच्यावर ओरडणार, शिव्या देणार, तो कोलमडेपर्यंत. माणूस मोडला की नवा घडवता येतो ही त्यामागची कल्पना. पुढे सिनॅनॉनचा पंथ झाला आणि 1978 मध्ये त्यांच्याविरुद्ध केस जिंकलेल्या पॉल मोरांट्झ या वकिलाच्या टपालपेटीत त्यांच्या माणसांनी विषारी रॅटलस्नेक सोडला, तो चावला पण वकील वाचला. संस्था बदनाम झाली, तिची पद्धत मात्र तोवर मुलांच्या शाळांमध्ये पोचली होती. कॅलिफोर्नियात 1967 ला निघालेली सीडू शाळा त्याच वळणाची. मेन राज्यात 1970 ला निघालेली एलान शाळा तर आणखी पुढची, तिथे मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवायचे आणि ‘रिंग’ नावाच्या शिक्षेत एका मुलाला ताज्या दमाच्या एकामागून एक मुलांशी बॉक्सिंग खेळायला लावायचे, तो हरेपर्यंत. ही शाळा 2011 पर्यंत चालू होती!

फ्लोरिडात 1970 ला ‘द सीड’ निघालं, सिनेटच्या एका उपसमितीने 1974 मध्ये त्याच्या पद्धतींची तुलना उत्तर कोरियाने युद्धकैद्यांवर वापरलेल्या ब्रेनवॉशिंगशी केली. झालं काय, तर त्यातूनच बाहेर पडलेल्या पालकांनी 1976 मध्ये ‘स्ट्रेट’ नावाने तसंच दुसरं दुकान उघडलं आणि त्याला तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रीगन भेट देऊन गेल्या, 1985 मध्ये प्रिन्सेस डायनासुद्धा. तिथे नव्या मुलाला जुना मुलगा पँटच्या मागच्या बाजूला पट्ट्यात धरून चालवायचा, संडासातही एकटं सोडायचे नाहीत. एक कॉलेजचा मुलगा तिथे असलेल्या भावाला भेटायला गेला तर त्यालाच ठेवून घेतलं, त्याने केस केली आणि 1983 मध्ये ज्यूरीने त्याला 2,20,000 डॉलर भरपाई दिली. तरी ‘स्ट्रेट’ आणखी दहा वर्षं चाललं, 1993 ला बंद झालं. एक दुकान बंद झालं की तोच स्टाफ नव्या पाटीखाली पुन्हा उभा, हे या क्षेत्रात इतक्यांदा झालंय की मोजत बसायला नको.

यातलं सगळ्यात मोठं जाळं म्हणजे युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावच्या रॉबर्ट लिचफिल्डचं ‘वास्प’. अमेरिकेत कायदे आड येतील म्हणून म्हणा किंवा स्वस्त पडतं म्हणून म्हणा, त्यांच्याशी जोडलेल्या शाळा जमैका, मेक्सिको, कोस्टारिका, सामोआ, झेक प्रजासत्ताक अशा कुठे कुठे होत्या. झेकमधली 1998 ला, कोस्टारिकातली 2003 ला आणि मेक्सिकोतली 2004 ला तिथल्या सरकारांनी हात घातल्यावर बंद झाली. जमैकातली ‘ट्रँक्विलिटी बे’, नावाचा अर्थ शांततेचा उपसागर, 2009 पर्यंत टिकली. तिथली नेहमीची शिक्षा म्हणजे मुलाला फरशीवर पालथं झोपवून ठेवायचं, दिवसच्या दिवस, काहींना आठवडे नि महिने, शेजारी पहारा. न्यूयॉर्क राज्यातल्या आयव्ही रिजने तर परवानगी नसताना हायस्कूलचे डिप्लोमे वाटले, 2005 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने दंड ठोकला, म्हणजे मुलांना ना थेरपी मिळाली ना शिक्षण.

आता मृत्यूंबद्दल. अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपास संस्थेने 2007 मध्ये 1990 ते 2004 मधल्या 10 मृत्यूंचा अभ्यास मांडला. त्यात 1990 मध्ये युटातल्या एका विल्डरनेस प्रोग्राममधली 15 वर्षांची मुलगी उन्हात चालून चालून पाण्याविना मेली, ती चक्कर येते म्हणत होती आणि स्टाफला वाटलं नाटक करतेय. 1994 मध्ये 16 वर्षांचा मुलगा तसाच, त्याचा अल्सर फुटून पोटभर इन्फेक्शन पसरलं होतं, तोही नाटकच करतोय असं ठरलं होतं. आणि याच युटात 28 वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये डायमंड रँच अकॅडमी नावाच्या शाळेत 17 वर्षांची मुलगी पोटातल्या तशाच इन्फेक्शनने गेली. ती दुखतंय म्हणून सांगत होती आणि तिला खोटारडी ठरवलं असं घरच्यांनी केसमध्ये म्हटलंय, राज्याने पुढे 2023 मध्ये शाळेचं लायसन्स रिन्यू केलं नाही. ‘मॅनिप्युलेशन’ हा शब्द ऑफिसात पालकांना सांगायला वापरतात पण रानात तोच शब्द जीव घेतो. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ट्रेल्स कॅरोलिना इथे 12 वर्षांचा मुलगा आला त्याच्या पहिल्याच रात्री गुदमरून मेला, त्याला एका माणसाच्या छोट्या तंबूवजा पिशवीत झोपवलं होतं आणि तो उघडून बाहेर आला तर कळावं म्हणून अलार्म लावला होता. मे महिन्यात लायसन्स गेलं.

जीएओच्या त्याच रिपोर्टात आणखी एक आकडा आहे, एकट्या 2005 सालात 33 राज्यांत मिळून 1,619 कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतलेले होते, आणि हे फक्त ज्या राज्यांनी माहिती दिली त्यांचं. त्यानंतर 2008 मध्ये अशा जागांना आळा घालायच्या कायद्याचं बिल कनिष्ठ सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये अडकून मेलं.

मग बारा वर्षांनी पॅरिस हिल्टन बोलली, हिल्टन हॉटेलवाल्यांच्या घरातली, टीव्हीवर गाजलेली सेलिब्रिटी. कुणालाही वाटलं नसेल की हा विषय तिच्यामुळे टीव्हीवर येईल, पण 2020 मध्ये तिने सांगितलं की तिला नव्वदच्या दशकात प्रोव्हो कॅनियन स्कूलमध्ये 11 महिने ठेवलं होतं, गोळ्या दिल्या, मारलं, एकटं कोंडलं. युटातल्या या शाळेची मालकी 2000 मध्ये बदलली आणि त्याआधीच्या गोष्टींवर आम्ही बोलू शकत नाही असं आताची कंपनी म्हणते. फेब्रुवारी 2021 मध्ये तिने युटाच्या सिनेट समितीपुढे साक्ष दिली आणि महिन्याभरात कायदा झाला, वर्षातून चार वेळा तपासणी, बळजबरी केली की रिपोर्ट, आणि मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी स्टाफ कान लावून नसताना बोलता आलं पाहिजे.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण याच प्रोव्हो कॅनियन शाळेवर दोन मुलांनी केस केली होती, 1982 मध्ये फेडरल अपील कोर्टाने निकाल कायम केला होता की मुलांची पत्रं सेन्सॉर करायची नाहीत, पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडायच्या मशीनला, बसवायचं नाही, उगाच कोंडायचं नाही. तेव्हापासून 2021 पर्यंत 39 वर्षं होतात.

देशपातळीवर डिसेंबर 2024 मध्ये ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज ॲक्ट’ झाला, बायडन यांनी जाता जाता सही केली. नाव मोठं आहे, पण त्यात थेट कशावर बंदी नाही. नॅशनल अकॅडमीज या सरकारला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने अशा शाळांमध्ये काय चालतं याचा अभ्यास करून सरकारला सांगावं, एवढं मुख्यतः त्यात आहे.