नकोसे ब्राउझर टूलबार : ओळख आणि काढण्याची रीत

ब्राउझरमध्ये पत्त्याच्या चौकटीखाली बसणारी जास्तीची आडवी पट्टी म्हणजे टूलबार. तिच्यावर शोधाची चौकट, हवामान, भाषांतर, खेळ, कूपन अशी बटणे असतात. सगळेच टूलबार वाईट नसतात. कोणी न मागता दुसऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर आत येतो, होमपेज आणि सर्च इंजिन परस्पर बदलतो आणि काढायला गेले की आडवा येतो, तो नकोसा टूलबार. संगणक सुरक्षेत अशा प्रोग्रामची गणना व्हायरसमध्ये होत नाही. त्यांचा ‘पीयूपी’, म्हणजे संभाव्य नकोसे प्रोग्राम, असा वेगळा वर्ग आहे, कारण कागदोपत्री ते परवानगी घेऊनच आलेले असतात. पट्टीच्या रूपातले टूलबार आता जवळपास संपले असून त्यांचे काम ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्राम, करतात. या नोंदीत दोन्हींचा विचार केला आहे.

कोल्हापुरात या दुखण्यावर अजूनही सर्रास एकच इलाज सांगितला जातो : ‘फॉरमॅट मारून टाका.’ दुकानदाराला तो सोपा पडतो, पण संगणकाच्या मालकाला फार महागात जातो. शाहूपुरीतल्या एखाद्या करसल्लागाराचा संगणक घ्या. टॅलीचा डेटा बहुधा सी ड्राइव्हवरच असतो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची मांडणी, मराठी टायपिंगचे फॉन्ट आणि कीबोर्ड, पासवर्ड, वर्षानुवर्षे साठवलेले बुकमार्क हे सगळे त्याच यंत्रात. एका टूलबारपायी हे सगळे पुसायचे आणि पुन्हा बसवायचे, यात दोन दिवस सहज जातात. शिवाय क्रोममध्ये गुगल खात्याने सिंक, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन खात्यावर साठवून दुसऱ्या यंत्रावर आणण्याची सोय, चालू असेल, तर नव्या विंडोजवर लॉगिन करताच जुने एक्स्टेन्शन पुन्हा हजर होते. म्हणजे फॉरमॅट मारूनही दुखणे तिथेच. नीट ओळखून, क्रमाने काढले तर हे काम सहसा तासाभरात होते.

टूलबारचा जन्म

इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ साली, मायक्रोसॉफ्टने ‘ब्राउझर हेल्पर ऑब्जेक्ट’ ही सोय आणली. बाहेरच्या प्रोग्रामला ब्राउझरच्या आत शिरून काम करण्याची ही वाट होती. डिसेंबर २००० मध्ये आलेला गुगल टूलबार लोकांनी हौसेने बसवला आणि तो कामाचाही होता. इंटरनेट एक्स्प्लोररला स्वतःचा पॉपअप रोखणारा पहारा ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर मिळाला, तर गुगल टूलबारमध्ये ती सोय त्याआधीच, २००३ पासून होती. पण जी वाट चांगल्याला मोकळी होती ती वाईटालाही मोकळीच होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत आस्क, बॅबिलॉन, कंड्युट, मायवेबसर्च अशा टूलबारांनी जगभरचे संगणक भरून गेले. इंटरनेट कॅफेतल्या संगणकावर एकाखाली एक चार-पाच पट्ट्या आणि खाली उरलेल्या जागेत वेबसाइट, हे दृश्य त्या काळात कुणाला नवे नव्हते.

यामागे पैशाचा सरळ हिशेब आहे. तुम्ही शोधलेला प्रत्येक शब्द टूलबारवाल्याच्या पानावरून मोठ्या सर्च इंजिनकडे जातो आणि निकालातल्या जाहिरातीवर क्लिक झाले की त्यातला वाटा त्याला मिळतो. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्यालाही प्रत्येक संगणकामागे रक्कम मिळते. त्यामुळे इन्स्टॉलर एका प्रोग्रामचा असतो आणि आत तीन-चार प्रोग्राम बांधलेले असतात. ओपनकँडीसारख्या यंत्रणा अशी बांधणी करण्यासाठीच निघाल्या.

कोल्हापुरात ते कुठून आले

एक वाट सरकारी कामाची होती. ई-निविदा भरताना डिजिटल सही करण्यासाठी संगणकात जावा असणे सक्तीचे असे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले पुरवठादार, जिल्हा परिषदेची कामे घेणारे ठेकेदार, सीएंची कार्यालये या सगळ्यांनी जावा उतरवून घेतले, ते वरचेवर अपडेटही केले. त्या इन्स्टॉलरमध्ये एका पायरीवर आस्क टूलबारची चौकट आधीच टिक केलेली असे. निविदेची मुदत संपायला तास उरलेला असताना ती पायरी वाचणार कोण? ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’ झाले की टूलबार आत. त्यातही एक मेख होती. जावा बसल्यावर टूलबार लगेच बसत नसे, सुमारे १० मिनिटे थांबून मग बसे. त्यामुळे शंका येऊन कोणी लगेच प्रोग्रामची यादी उघडली, तरी तिथे काही सापडत नसे. ‘मी काय टाकलंच नाही ओ, आपोआप आलंय,’ असे गिऱ्हाईक सांगे, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते खरेच असे. जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरमध्ये धरल्या आणि त्याच सुमारास जावाच्या इन्स्टॉलरमधून आस्क जाऊन तिथे याहूची शिफारस आली.

दुसरी वाट मराठी टायपिंगची, आणि ती अजून बंद झालेली नाही. लग्नपत्रिका, हँडबिले, डिजिटल फलक करणाऱ्या डीटीपी ऑपरेटरला एखादा फॉन्ट किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर तातडीने हवा असतो. शोधात वर येणाऱ्या साइटवर ‘डाउनलोड’ची मोठी हिरवी बटणे दिसतात. त्यांतली बहुतेक जाहिराती असतात आणि खरा दुवा खाली बारीक अक्षरात असतो. एक साधी खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारची असते, फार तर झिप केलेली. फॉन्ट मागितला आणि हातात ईएक्सई फाइल आली, तर ती उघडू नये. ड्रायव्हर शोधून देणारे प्रोग्राम आणि पीडीएफचे वर्ड करून देणारी एक्स्टेन्शन यांच्या वाटेनेही हेच येते.

ओळख

संगणक हळू चालतो एवढ्यावरून टूलबारचा संशय घेऊ नये. मंदपणाची कारणे पुष्कळ असतात. भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत. पत्त्याच्या चौकटीत एखादा शब्द टाकून एंटर दाबा आणि पत्त्याकडे डोळा ठेवा. निकालाच्या पानावर पोचण्याआधी क्षणभर भलत्याच साइटचे नाव चमकून गेले, तर शोध कोणीतरी वळवतो आहे. दुसरी खूण जाहिरातींची. महाभूलेखसारख्या सरकारी साइटवर जाहिराती नसतात. सातबारा पाहताना कडेला कर्जाच्या किंवा खेळाच्या जाहिराती दिसल्या, तर तीच साइट मोबाइलवर, मोबाइलचाच डेटा वापरून उघडावी. तिथे जाहिराती नसतील, तर त्या आपल्या यंत्रातच मिसळल्या जात आहेत असे धरून चालावे.

तिसरी खूण क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत, तळाशी सापडते. घरच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर कोणत्या तरी प्रोग्रामने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज साठवण्याच्या जागेत, धोरण लिहून ब्राउझर जखडलेला असू शकतो. अशा वेळी एक्स्टेन्शनसमोरचे ‘काढा’ हे बटणच नाहीसे होते. मात्र काही अँटिव्हायरसही असे धोरण लिहितात, आणि बँकेत, महाविद्यालयात किंवा मोठ्या कारखान्यात ही ओळ रास्त असते. तिथे आपण हात न लावता संगणक विभागाला सांगावे.

चौथी खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत सरकवून वाचा. क्रोम डॉट ईएक्सई आणि त्यानंतरचे अवतरणचिन्ह, तिथे ओळ संपायला हवी. एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर पुढे प्रोफाइलचा उल्लेख येतो, तो ठीक. पण पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर होमपेज सेटिंगमधून कितीदाही बदला, ब्राउझर त्याच पत्त्यावर उघडणार. तेवढा भाग पुसून ‘ओके’ करावे. टास्कबारवरच्या चिन्हाचे शॉर्टकट वेगळे असते, तेही तपासावे.

काढण्याचा क्रम

आधी कामाच्या डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. मग कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवशी, अगदी त्याच तासात काय काय बसले ते एकाखाली एक दिसते. नाव ओळखीचे नसेल तर लगेच उडवू नये. प्रकाशकाचे नाव पाहावे, दुसऱ्या यंत्रावर शोधून खात्री करावी. टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची उपयोगिता, सहीसाठी लागणारा छोटा प्रोग्राम यांची नावेही अनोळखीच वाटतात आणि ती काढली की महिनाअखेरीस जीएसटी भरताना अडचण उभी राहते.

अनइन्स्टॉल करताना प्रत्येक खिडकी शब्दन्‌शब्द वाचावी. ठळक रंगीत बटण ‘ठेवा’चे आणि फिकट अक्षरातला दुवा ‘काढा’चा, अशी मांडणी मुद्दाम केलेली असते. ‘होमपेज मूळपदावर आणायचे का?’ हा प्रश्नही कधी उलट्या अर्थाने विचारलेला असतो.

त्यानंतर ब्राउझर. एक्स्टेन्शनची यादी उघडून नको ते काढावे, नुसते बंद करून ठेवू नये. मग सर्च इंजिन, होमपेज आणि सुरुवातीला उघडणारी पाने तपासावीत. क्रोमची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणली, तर बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात आणि एक्स्टेन्शन बंद होतात. फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’ केले, तर एक्स्टेन्शन निघून जातात, बुकमार्क आणि पासवर्ड टिकतात, आणि जुन्या माहितीचे फोल्डर डेस्कटॉपवर ठेवले जाते. या दोन सोयी माहीत नसल्यामुळे किती संगणक विनाकारण फॉरमॅट झाले असतील, याची खरोखर हळहळ वाटते.

एवढे करून दुसऱ्या दिवशी टूलबार परत आला, तर मूळ आत राहिले आहे. खोडव्याच्या उसासारखे हे आहे : वरून कापला तरी बुडख्यातून फुटवे येतातच. हे बुडखे विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय), स्टार्टअपच्या यादीत किंवा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या राखणदार प्रोग्रामात असतात. कंड्युटचा ‘सर्च प्रोटेक्ट’ असाच होता. नावावरून सुरक्षेचा वाटे, पण तो आपणच बदललेले सर्च इंजिन वापरणाऱ्याला परत बदलू देत नसे. इथे ॲडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधन उपयोगी पडते. ते २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे आणि त्याच कंपनीच्या साइटवरून घ्यावे, कारण त्याच्या नावाच्या नकलाही फिरलेल्या आहेत. सापडलेल्या गोष्टी आधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागेत, जातात. त्यामुळे चुकून कामाचे काही उचलले गेले तर परत आणता येते. रजिस्ट्रीत हाताने बदल करणे हा शेवटचा उपाय. तो करण्यापूर्वी त्या भागाची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवावी.

सिंक चालू असेल, तर साफसफाई होईपर्यंत ते बंद ठेवावे आणि त्या खात्यावरच्या बाकीच्या संगणकांतूनही तेच एक्स्टेन्शन काढावे.

आजचे रूप

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये गुगल टूलबार थांबला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला. पट्टी गेली, पण एक्स्टेन्शनला मिळणारी परवानगी पट्टीपेक्षा कमी नाही. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाचे वाक्य बसवताना समोर येते, ते अक्षरशः खरे असते. एखादे चांगले एक्स्टेन्शन दुसऱ्याला विकले जाते आणि पुढच्या अपडेटमध्ये त्याचे वागणे बदलते, असेही घडते. महा-ई-सेवा केंद्रातल्या संगणकावर दिवसभर लोकांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुके हाताळली जातात. तिथे एक्स्टेन्शनची यादी जवळपास रिकामीच असली पाहिजे, याबाबत तडजोड नको. फॉर्म भरायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपली माहिती कुठे जाते हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

धोका किती खोल जाऊ शकतो हे फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवरील सुपरफिश या जाहिरातींच्या प्रोग्रामने दाखवले. जाहिराती घुसवण्यासाठी त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला) बसवले होते, आणि त्यामुळे बँकेच्या साइटवरचे कुलूपही भरवशाचे उरले नव्हते.

कोपऱ्यात सतत येणाऱ्या ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ अशा चिठ्ठ्यांचे मूळ बहुतेक वेळा टूलबारमध्ये नसते. कोणत्या तरी साइटला ‘अलाऊ’ दाबून दिलेली ती नोटिफिकेशनची परवानगी असते. ती साइट सेटिंगमध्ये जाऊन काढली की चिठ्ठ्या थांबतात. विंडोज सुरक्षेत नकोसे ॲप रोखण्याची सोय आहे आणि विंडोज १० मध्ये ती ऑगस्ट २०२१ पासून आपोआप चालू होऊ लागली. जुन्या यंत्रांवर ती चालू आहे ना, हे एकदा उघडून पाहावे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात दूषित प्रोग्राम घालणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ लागू होते. टूलबारवाले परवानगीच्या टिकमार्कचा आडोसा घेतात तो इथेच. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने फेब्रुवारी २०१७ पासून साफसफाईची साधने मोफत उपलब्ध केली आहेत. संशयित एक्स्टेन्शन असताना नेट बँकिंग केले असेल, तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत, आणि खात्यातून पैसे गेल्याचे दिसताच बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.