नजर परत येईल का? दृष्टिपटलाच्या स्कॅनमधून मिळणारे उत्तर

पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि शरीरात इतरत्र पसरतही नाहीत. तरीही त्या माणसाची नजर हिरावून घेऊ शकतात, आणि याचे कारण त्यांच्या जागेत आहे. जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत असते, आणि तिच्या साधारण एक सेंटिमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता एकत्र येतात. या जागेला ऑप्टिक कायाझम म्हणतात. दृष्टिपटलाच्या नाकाकडील अर्ध्या भागातून निघालेले तंतू येथे बाजू बदलून मेंदूच्या विरुद्ध भागाकडे जातात. खालून वर वाढणारी गाठ नेमक्या याच तंतूंवर दाब देते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांचे कानाकडील दृष्टिक्षेत्र, बहुधा वरच्या बाजूपासून, कमी होऊ लागते. समोरचे अक्षर मात्र बरेच दिवस स्वच्छ वाचता येते. म्हणून दाराच्या चौकटीला खांदा लागणे किंवा बाजूने आलेले वाहन न दिसणे, या गोष्टींचा संबंध मेंदूशी असेल असे रुग्णाच्या सहसा मनातही येत नाही.

निदान झाल्यावर रुग्णाचा पहिला प्रश्न असतो तो नजरेचा: गाठ काढल्यावर पूर्वीसारखे दिसेल का? एमआरआयवरून गाठीचा आकार आणि कायाझम किती वर उचलला गेला आहे, हे समजते. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत ठिपका दिसला की बटण दाबायचे असते, आणि त्यावरून आज किती दिसत नाही ते कळते. मात्र न दिसण्याची कारणे दोन असू शकतात. दाबामुळे तंतूंमधून संदेश जाणे थांबलेले असते, पण तंतू जिवंत असतात, ही पहिली शक्यता. तंतू कायमचे मेले आहेत, ही दुसरी. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर बधिर झालेला पाय थोड्या वेळाने पुन्हा शुद्धीवर येतो, तशी आशा फक्त पहिल्या प्रकारात असते. दृष्टिक्षेत्राच्या नकाशावर दोन्ही प्रकार सारखेच काळे उमटतात.

हा भेद डोळ्यात पाहून करता येतो, कारण त्या तंतूंचा उगमच दृष्टिपटलात आहे. तेथील गँग्लिऑन पेशींमधून निघालेला प्रत्येक तंतू मध्ये कोठेही न तुटता कायाझम ओलांडून मेंदूत पोचतो. एका डोळ्यात असे सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. कायाझमपाशी तंतूला कायमची इजा झाली की तो हळूहळू मागे, डोळ्याच्या दिशेने, झिजत येतो आणि शेवटी त्याची पेशीही मरते. त्यामुळे दृष्टिपटलावरील तंतूंचा थर पातळ होतो, आणि हा पातळपणा मोजता येतो.

तो मोजण्याचे तंत्र म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, ज्याला नेत्रतज्ज्ञ ओसीटी म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले आणि 1991 मध्ये जगापुढे मांडले. डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा मंद किरण सोडला जातो आणि निरनिराळ्या थरांवरून तो किती उशिराने परततो यावरून त्या थरांची खोली काढली जाते. हा उशीर कोणत्याही घड्याळाने टिपता येणार नाही इतका अल्प असतो. म्हणून परतलेला प्रकाश दुसऱ्या एका संदर्भ किरणात मिसळून त्यांच्या व्यतिकरणावरून तो मोजतात. रुग्णाला फक्त हनुवटी टेकवून आतल्या खुणेकडे पाहायचे असते, आणि काही सेकंदांत सुमारे पाच मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा दाखवणारा छेद पडद्यावर येतो. निरोगी प्रौढ माणसात दृष्टिचेतेच्या मुखाभोवतीचा तंतुथर सरासरी 90 ते 100 मायक्रॉन जाड असतो. कायाझमवर दाब असलेल्या रुग्णात पिवळ्या बिंदूजवळच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाजवळच्या, पेशींचा नकाशा पाहिला, तर दोन्ही डोळ्यांत नाकाकडील अर्धाच भाग लाल, म्हणजे पातळ, दिसतो. मधली उभी रेघ जणू पट्टीने आखलेली असते. काही रुग्णांत हा बदल दृष्टिक्षेत्र कमी होण्याआधीच सापडतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या हेलन डॅनेश-मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये कायाझमजवळच्या गाठींच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचा तंतुथर जाड होता त्यांची दृष्टी नंतर अधिक सुधारली, आणि ज्यांचा थर आधीच पातळ होता त्यांच्यात सुधारणा कमी झाली. पुढे इतर गटांनाही साधारण असेच आढळले आहे. माझ्या मते म्हणूनच हा स्कॅन शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवा. मधुमेह आणि काचबिंदूच्या तपासणीमुळे ओसीटी यंत्रे आज आपल्याकडील शहरांतील अनेक नेत्र रुग्णालयांत आहेत, त्यामुळे त्यासाठी वेगळी सोय उभारावी लागत नाही.

तरीही अहवाल वाचताना सावध राहावे लागते. गाठीत अचानक रक्तस्राव होऊन नजर गेली असेल, तर थर जाड दिसणे हे केवळ झीज डोळ्यापर्यंत पोचायला वेळ मिळाला नसल्याचे लक्षण असू शकते. मेंदूतील दाब वाढून दृष्टिचेतेला सूज आली असेल, तर मेलेले तंतूही त्या सुजेत झाकले जातात. काचबिंदू किंवा मोठा मायनस नंबर असेल, तर पातळपणाचा दोष गाठीवर टाकता येत नाही. पूर्ण दृष्टी गेलेल्या डोळ्यातही आधारपेशी व रक्तवाहिन्यांमुळे सुमारे 50 मायक्रॉनचा थर उरतोच, त्यामुळे शून्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. आणि थर पातळ आहे म्हणून शस्त्रक्रिया टाळणे हा तर सरळ चुकीचा निष्कर्ष ठरेल, कारण उरलेली नजर वाचवण्यासाठीही दाब काढावाच लागतो. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक बनवणाऱ्या गाठीत हेच काम बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्या करतात.

दाब सुटल्यावर काही रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उजळ दिसू लागते. तंतूंवरील मायलिनचे आवरण पुन्हा बनत जाते तशी पुढची सुधारणा आठवडे आणि महिने चालू राहते. याच काळात केलेला दुसरा स्कॅन कधीकधी रुग्णाला घाबरवतो, कारण नजर सुधारत असतानाही थर आणखी पातळ झालेला दिसू शकतो. आधीच कायमचे जखमी झालेले तंतू आता झिजून संपत असतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ही तुलना पहिला स्कॅन ज्या यंत्रावर झाला त्याच यंत्रावर, दृष्टिक्षेत्राच्या नव्या तपासणीसोबत करून घ्यावी.