डेब पॅकेजची थेट स्थापना

डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटू, मिंट इत्यादी लिनक्स वितरणांत सॉफ्टवेअर सामान्यतः वितरणाच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या अधिकृत भांडारातून) ‘ॲप्ट’ या पॅकेज आणणाऱ्या साधनामार्फत येते. तसे न करता ‘.डेब’ फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचे पॅकेज, स्वतः डाउनलोड करून ती ‘डीपीकेजी’ या पॅकेज बसवणाऱ्या मूळ साधनाकडे सोपवणे म्हणजे थेट स्थापना होय.

डीपीकेजीचा निर्माता म्हणून कधी इयान मर्डॉक यांचे, तर कधी इयान जॅक्सन यांचे नाव दिले जाते. त्याचा पहिला प्रोग्राम मर्डॉक यांनी १९९४ च्या आरंभी शेल लिपीत (स्क्रिप्टच्या रूपात) लिहिला, तो पुढे मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीकर व मर्डॉक यांनी पर्ल भाषेत उतरवला आणि त्याच सुमारास जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने रचला. आरंभ मर्डॉक यांचा आणि आजची घडण मुख्यतः जॅक्सन यांच्या पुनर्लेखनातून आलेली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘.डेब’ फाइलीचा सध्याचा साचा डीपीकेजीच्या ०.९३.७६ या आवृत्तीपासून वाचता येऊ लागला. हा काळ साधारणपणे १९९५ चा धरता येईल.

या साच्यात ‘एआर’ प्रकारच्या एकाच संग्रहात तीन घटक क्रमाने असतात : साच्याची आवृत्ती सांगणारी छोटी फाइल (तिच्यात ‘२.०’ एवढेच लिहिलेले असते), पॅकेजचे नाव, आवृत्ती, अवलंबने (ते चालण्यासाठी लागणारी इतर पॅकेजे) व स्थापनेच्या लिप्या (स्क्रिप्ट) असलेला नियंत्रण-संग्रह आणि प्रत्यक्ष फाइलींचा संग्रह. शेवटचे दोन घटक दाबून लहान केलेले असतात व दाबण्याची पद्धत काळानुसार बदलत गेली. उबुंटूने २१.१० पासून ‘झेडस्टँडर्ड’ पद्धत स्वीकारली. डेबियन ११ मधील डीपीकेजीला ती वाचता येत नसल्याने अशी फाइल तेथे अनोळखी दाबपद्धतीची म्हणून नाकारली जाते. फाइल खराब झाल्याचा समज होऊन ती पुन्हापुन्हा डाउनलोड केली जाते, पण दोष तिचा नसतो.

डीपीकेजी अवलंबने तपासतो, मात्र ती आणून देत नाही. एखादे अवलंबन नसल्यास पॅकेज उलगडलेले, पण संरचित न झालेले (वापरासाठी सज्ज न केलेले) असे अर्धवट राहते आणि ॲप्टच्या दुरुस्ती-पर्यायाने ते पूर्ण करावे लागते. ॲप्ट १.१ पासून स्थानिक फाइल थेट ॲप्टलाच देता येते व अवलंबने रिपॉझिटरीतून येतात. त्यासाठी फाइलीच्या नावाआधी ठिपका व तिरकी रेघ असा मार्ग द्यावा लागतो, अन्यथा ॲप्ट त्या नावाचे पॅकेज रिपॉझिटरीत शोधतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इतर काही लिनक्स वितरणांतील आरपीएम प्रकारच्या पॅकेजमध्ये डिजिटल स्वाक्षरी पॅकेजच्या आतच असू शकते. डेबियनमध्ये मात्र ती रिपॉझिटरीच्या ‘रिलीज’ फाइलीवर असते आणि तेथून सूचीच्या व सूचीतून प्रत्येक पॅकेजच्या हॅशपर्यंत (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-खुणेपर्यंत) साखळी जाते. हाताने आणलेली फाइल या साखळीबाहेर पडते, तरीही तिच्यातील लिप्या रूट (सर्वोच्च) अधिकाराने चालतात. म्हणून प्रकाशकाने दिलेला एसएचए-२५६ हॅश स्थापनेपूर्वीच पडताळावा. अर्थात हॅश आणि फाइल एकाच संकेतस्थळावरून घेतल्यास या पडताळणीने डाउनलोडमधील बिघाड कळतो, मूळ फाइलीतील फेरफार नव्हे.