विरजणातील सहउत्क्रांती

दूध आंबवणारे जीवाणू आणि त्यांच्यावरच वाढणारे विषाणू एकमेकांच्या दबावाखाली पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, या प्रक्रियेस विरजणातील सहउत्क्रांती म्हणता येईल. अशा विषाणूंना जीवाणुभक्षी किंवा फेज म्हणतात. त्यांचा शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि फेलिक्स द'हेरेल (१९१७) यांनी स्वतंत्रपणे लावला. फेज माणसाच्या पेशींना बाधत नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत दूध तापवून, कोमट झाल्यावर त्यात आदल्या दिवशीचे थोडे दही घालतात. उकळीने दुधातले बहुतेक फेज नष्ट होतात. परंतु विरजण त्यानंतर पडत असल्याने त्यातले जीवाणू आणि फेज दोन्ही पुढच्या दह्यात जातात आणि त्यांचा झगडा अखंड चालू राहतो.

फेज जीवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूंना चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि शेकडोंनी वाढून पेशी फोडतो. त्यामुळे आम्ल कमी तयार होते व दही नीट लागत नाही. उलट, जीवाणू कधी पृष्ठभागाची रचना बदलतात, कधी विकरांनी परका डीएनए कापतात, तर कधी बाधित पेशी फेज पक्व होण्याआधीच मरून शेजारच्या पेशींना वाचवते. यांहून विलक्षण आहे ती क्रिस्पर यंत्रणा. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा दह्यातला जीवाणू फेजच्या डीएनएचा सुमारे ३० अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या साखळीतील घटकांचा) तुकडा स्वतःच्या जनुकसंचात साठवतो, तो वंशजांना देतो आणि त्याच्या आधारे तोच फेज पुन्हा आल्यास ओळखतो, हे रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोगाने दाखवले. यावर फेजचे उत्तरही तयार असते: त्या तुकड्याशी जुळणाऱ्या जागी एखादे अक्षर बदलले तरी तो निसटू शकतो, आणि काही फेजांपाशी क्रिस्पर निष्प्रभ करणारी प्रथिनेही असतात.

मोठ्या दुग्धप्रकल्पांत जीवाणूंचे निवडक वाण (एकाच जातीतील उपप्रकार) सतत वापरल्यास त्यावर वाढणारा फेज झपाट्याने पसरतो, म्हणून तेथे वाण आलटूनपालटून वापरतात. घरगुती विरजण मिश्र असते. त्यातील एक वाण खचला तरी वेगळ्या पृष्ठभागाचा किंवा वेगळी क्रिस्पर-स्मृती बाळगणारा दुसरा त्याची जागा घेऊ शकतो, आणि हेच त्याचे खरे बळ आहे. दही न लागण्यामागे प्रत्येक वेळी फेज नसतो. बेळगावची थंडीही त्यास पुरते. मात्र विरजण वारंवार बिघडू लागले की शेजारून नवे आणण्याची रीत जीवशास्त्रदृष्ट्याही योग्य आहे, कारण त्या विरजणासोबत जुन्या फेजला अनोळखी असलेले वाण घरात येण्याची शक्यता असते.