पंचगंगा 39 फुटांवर गेली की प्रोग्रामनं मेल कसा पाठवायचा?

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं. 39 म्हणजे इशारा पातळी, 43 म्हणजे धोका पातळी, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं ते इथं कुणीच विसरलेलं नाही. आता समजा कॉलेजच्या पोरांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला, रोजचा आकडा त्यात टाकायचा आणि तो 39 च्या वर गेला की नदीकाठच्या ओळखीच्या लोकांना आपोआप मेल जायचा. पाठवायचा कोड खरंच दहा-पंधरा ओळींत बसतो. अवघड काम वेगळंच आहे, हा प्रोग्राम आपल्याच परवानगीनं मेल पाठवतोय हे मेल सर्व्हिसला पटवायचं कसं?

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडं काम मागायची ठरलेली पद्धत. आपण जीमेल उघडून बटण दाबतो, प्रोग्राम तेच काम ठरलेल्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवून मागतो आणि तिकडून उत्तर येतं, बस्स. जीमेलचा एपीआय 2014 ला आला. एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल जातो तो मात्र आजही एसएमटीपी नावाच्या मेल पोचवायच्या जुन्या नियमांनीच, आणि त्याचा मूळ मसुदा 1982 चा आहे.

पूर्वी लोक पासवर्ड सरळ कोडमध्येच लिहायचे. हे लई धोक्याचं, कारण पासवर्ड हातात आला की नुसता मेल पाठवता येतो असं नाही, सगळा इनबॉक्स वाचता येतो, बँकेचे मेल बघता येतात, डिलीट करता येतात, आणि तो कोड कुणी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, पब्लिक करून टाकला की संपलंच. म्हणून ओऑथ आलं, म्हणजे पासवर्ड न देता ठराविक कामापुरती परवानगी द्यायची पद्धत, त्याचं 2.0 व्हर्जन 2012 ला स्टँडर्ड झालं. दुकानातल्या नवीन पोराला आपण गल्ल्यावर बसवतो पण तिजोरीची किल्ली देत नाही, तसंच हे. प्रोग्राम ब्राउझरमध्ये गूगलचं पान उघडतो, लॉगिन आपण गूगलकडंच करायचं, पासवर्ड प्रोग्रामला कळतच नाही, आणि "फक्त मेल पाठवायला परवानगी" एवढ्यावर हो म्हटलं की त्याला एक टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, मिळतं. या परवानगीला स्कोप म्हणतात. मला वाटतं सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, जेवढं काम तेवढाच स्कोप मागा, "सगळं द्या" म्हणू नका.

टोकन साधारण तासाभरात संपतं, मग रिफ्रेश टोकन, म्हणजे नवीन टोकन मागायची वेगळी चिठ्ठी, वापरून प्रोग्राम स्वतःच नवीन घेतो. इथं एक मोठा खड्डा आहे. गूगलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आपल्या प्रोग्रामची नोंद करायच्या पानावर, ॲप "टेस्टिंग" स्टेटसलाच ठेवलं तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत बाद होतं. म्हणजे जूनमध्ये चाचणी झाली, सगळे खूश, आणि जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा प्रोग्राम गप्प!

मराठीचा एक वेगळाच विषय आहे. मेलचा पाया घातला तेव्हा फक्त साधी इंग्रजी अक्षरं धरलेली, त्यामुळं विषयाच्या ओळीत मराठी टाकायची तर ती आधी त्या साच्यात बसवावी लागते. "पंचगंगा" शब्दात काना-अनुस्वार धरून 7 चिन्हं आहेत, यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकाला 3 बाइट म्हणजे 21, आणि त्याचं बेस64 केलं, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदललं, की 28 अक्षरं होतात. पायथनची ईमेल लायब्ररी हे आपोआप करते, हातानं जोडाजोडी करत बसू नका, नाहीतर समोरच्याला मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील.

आता सर्व्हिसकडून येणाऱ्या उत्तराचं बघू, ते एका आकडी कोडमध्ये येतं. 200 आलं म्हणजे सर्व्हिसनं मेल घेतला, समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडला असं नव्हे. 429 आलं तर आपण फार घाई करतोय, मग 1 सेकंद थांबा, 2, 4, 8 असं अंतर वाढवत परत पाठवा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला साधारण 500 मेलचीच मर्यादा आहे. यादी मोठी असेल तर मेल पाठवणारी वेगळी सर्व्हिस आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घ्यावं लागतं, आणि त्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय हे तपासायच्या तीन सोयी, लावायलाच पाहिजेत. दिवसाला 5000 च्या वर मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना तर गूगलनं फेब्रुवारी 2024 पासून हे तिन्ही सक्तीचं केलंय.

पत्ता चुकला तर मेल बाऊन्स होऊन पाठवणाऱ्या खात्यात परत येतो. पण आपण प्रोग्रामला फक्त पाठवायची परवानगी दिलीय ना, मग तो परत आलेला मेल त्याला वाचताच येत नाही, आणि ते तसंच असू दे, त्यासाठी स्कोप वाढवू नका. मे महिन्यात एकदा खोटा 40 चा आकडा टाकून, वर मोठ्या अक्षरात "चाचणी" लिहून सगळ्यांना मेल सोडा, मग एखाद्यानं ते खातं उघडून कुठले पत्ते परत आले ते बघायचं, ज्यांना मेल मिळाला नाही त्यांना स्पॅम फोल्डर बघायला सांगायचं, आणि त्या सगळ्यांचे फोन नंबर लिहून घ्यायचे, कारण पाणी खरंच चढलं की त्यांना फोनच करावा लागणार.