रिमोटवर 16 लावल्याने खोली लवकर गार होत नाही

सामायिक कार्यालयात दुपारी कोणीतरी घामाघूम होऊन येतो आणि एसीचा रिमोट उचलून आकडा थेट 16 वर नेतो. अर्ध्या तासाने पलीकडच्या टेबलावर कोणी शाल पांघरलेली असते आणि थोड्या वेळाने एसी चालू असतानाच खिडकी उघडली जाते. आकडा जितका खाली तितकी खोली लवकर गार, ही समजूत यामागे आहे. प्रत्यक्षात तो आकडा यंत्राला फक्त कुठे थांबायचे ते सांगतो. तापलेल्या खोलीत यंत्र सुरुवातीला 24 लावले तरी पूर्ण जोरात चालते आणि 16 लावले तरी तसेच. पुढे मात्र 24 अंशांवर त्याला उसंत मिळते आणि 16 च्या मागे ते दिवसभर धावत राहते.

एसी गारवा निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पंपाला लागणारी वीज जशी पाणी किती आणि किती उंच चढवायचे यावर ठरते, तशीच एसीची वीज उष्णता किती आणि तापमानाचा चढ किती यावर ठरते. हा चढ मात्र खोली आणि बाहेरची हवा यांच्यातला नसून आतली गार कॉइल (नळ्यांचे वेटोळे) आणि बाहेरची तापलेली कॉइल यांच्यातला असतो. खोली 26 अंश आणि बाहेर 38 अंश असताना पूर्ण वेगाने चालणाऱ्या यंत्राची आतली कॉइल 10 अंशांवर आणि बाहेरची 50 अंशांवर आहे असे धरू. चढ 40 अंशांचा झाला. आता इन्व्हर्टर एसीचा, म्हणजे वेग कमी-जास्त करू शकणाऱ्या एसीचा, कॉम्प्रेसर (आतला वायू दाबून फिरवणारा पंप) निम्म्या वेगावर आला. कॉइल तेवढ्याच मोठ्या, पण त्यांतून जाणारी उष्णता निम्मी, त्यामुळे हवेशी असलेला तापमानाचा फरकही साधारण निम्मा पुरतो: आत 18, बाहेर 44, म्हणजे चढ 26 अंशांचा. केल्व्हिनमधील (सेल्सिअस अधिक 273) गार तापमानाला चढाने भागले की एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता हलवता येईल ते मिळते. पहिल्या स्थितीत 283 भागिले 40, म्हणजे सुमारे 7, आणि दुसऱ्या स्थितीत 291 भागिले 26, म्हणजे सुमारे 11. खऱ्या यंत्राला यापेक्षा बरेच कमी साधते, तरीही संथ चालण्यातला फायदा कायम राहतो. दमट हवेत मात्र हे गणित थोडे बिघडते, कारण 18 अंशांच्या कॉइलवर बाष्प फारसे जमत नाही आणि खोली चिकट वाटू लागते.

स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता देतो, म्हणजे वीस जणांची खोली 2 किलोवॉटच्या हीटरसारखी असते. पंखा लावल्याने हवेचे तापमान उतरत नाही, पण घाम लवकर वाळतो, म्हणून आकडा दोन अंश वर ठेवूनही तक्रार येत नाही. प्लगमध्ये खोचताच बिल निम्मे करणाऱ्या डब्यांची जाहिरात मात्र निव्वळ थाप आहे. आतला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) पॉवर फॅक्टर, म्हणजे विजेचा दाब आणि प्रवाह किती जुळून चालतात याचे माप, थोडाफार बदलेल, पण घरगुती मीटर मोजतो ते युनिट त्याने घटत नाहीत.

छतावरच्या सौर पॅनेलची वीज दुपारी सर्वाधिक असते आणि कार्यालयातले एसीही तेव्हाच जोरात असतात, त्यामुळे तिथे जोडी जमते. वसतिगृह दुपारी रिकामे असते आणि त्याची मागणी सकाळी व रात्री वाढते. तिथे बॅटरीआधी गरम पाण्याच्या टाकीचा विचार करावा. 1000 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 35 युनिट उष्णता लागते. उलट्या दिशेने चालणाऱ्या एसीसारखा, एका युनिटला तीन युनिट उष्णता देणारा हीट पंप ती सुमारे 12 युनिट विजेत देतो. टाकीला चांगले वेष्टन असेल, तर दुपारचे ऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला मिळते.