पहिल्या सेक्टरपासून सिक्युअर बूटपर्यंत : ड्युअल बूटच्या बिघाडांची पार्श्वभूमी

गोव्यात मराठी मजकुराची छपाई करणाऱ्या छोट्या दुकानांतून विंडोज सहजासहजी हद्दपार होत नाही. जत्रेची पत्रके, लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या असा वर्षानुवर्षांचा मजकूर तेथे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आणि पेजमेकरच्या फायलींत साठलेला असतो. त्याच घरातली मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असेल, तर तिला अभ्यासासाठी लिनक्स हवे असते आणि घरात लॅपटॉप बहुधा एकच असतो. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली बसवणे, म्हणजेच ड्युअल बूट, ही अशा घरांत हौस नसून सोय असते. ती सोय बिघडली की दुरुस्तीवाल्याचा सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारूया.’ बहुतेक वेळा त्याची मुळीच गरज नसते. डिस्कवरच्या, घड्याळातल्या आणि फर्मवेअरमधल्या (संगणकाच्या चिपमध्येच असलेल्या, तो सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) काही मोजक्या जागा दोन्ही प्रणालींना वापराव्या लागतात, पण त्या जागांची मालकी कोणाची हे कधी नीट ठरले नाही, आणि ड्युअल बूटचे जवळजवळ सगळे बिघाड याच अनिर्णीत जागांवर होतात. कोणती जागा कोणत्या काळात आणि कशासाठी तयार झाली हे माहीत असले, तर पडद्यावर आलेल्या संदेशावरून बिघाड कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

यांतली सर्वांत जुनी जागा म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा अगदी आरंभीचा छोटा तुकडा. आयबीएमने १९८३ साली हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला आणि त्याच्याबरोबर आलेल्या पीसी डॉस २.० मध्ये डिस्कचे पार्टिशन करण्याची, म्हणजे तिचे स्वतंत्र भाग पाडण्याची, पद्धत रूढ केली. पहिल्या सेक्टरच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी अशी ती वाटणी होती. तक्त्यात चार नोंदी मावत. एका डिस्कवर एकाहून अधिक प्रणाली नांदाव्यात ही कल्पना त्या आराखड्यातच होती आणि म्हणून प्रत्येक प्रणालीला तक्त्यात आपापली नोंद मिळाली. मात्र त्या ४४६ बाइटांची वाटणी कोणी केली नाही. जी प्रणाली शेवटी बसवली जाई तिचा कोड तेथे जाऊन बसे. विंडोज पुन्हा टाकले की ‘लिनक्स उडाले’ असे जे म्हटले जाई, त्यात लिनक्सच्या एकाही फायलीला धक्का लागलेला नसे. लिनक्सकडे जाणारी वाट तेवढी पुसली गेलेली असे. आधी विंडोज आणि मग लिनक्स हा आजही पाळला जाणारा क्रम येथूनच आला.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच काळात वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला लायलो हा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, प्रचारात आला. लायलोला फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फायलींची मांडणी, कळत नसे. कर्नल डिस्कच्या कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच लिहून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलल्यावर लायलोची आज्ञा पुन्हा द्यायचे राहिले, की पुढच्या वेळी संगणक सुरू होत नसे. एका बाबतीत मात्र तो आजच्या बूटलोडरांपेक्षा स्पष्टवक्ता होता. सुरू होण्याचा एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी, आणि काम जेथे अडे तेथे अक्षरे थांबत. दोनच अक्षरे दिसली, तर दुसरा टप्पा चालू शकला नाही असे समजायचे. त्या काळच्या बायोसला (पीसीच्या जुन्या फर्मवेअरला) डिस्कच्या आरंभीच्या भागापलीकडचे, म्हणजे पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे, वाचता येत नसल्यामुळे, मोठ्या डिस्कवर विंडोजच्या मागे बसवलेले लिनक्स सुरूच होत नसे. कर्नलसाठी डिस्कच्या आरंभी छोटे स्वतंत्र पार्टिशन ठेवण्याची सवय त्यातून लागली.

ग्रब या दुसऱ्या बूटलोडरची सुरुवात १९९५ साली एरिक बोलेन यांनी केली. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येत असल्यामुळे कर्नल नावाने शोधता येऊ लागला, पण एवढे ज्ञान ४४६ बाइटांत मावणे शक्य नव्हते. म्हणून ग्रबचा गाभा पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात ठेवला जाऊ लागला. जुन्या पद्धतीत पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याने तेथे जेमतेम ३१ किलोबाइट जागा मिळे. हा पट्टाही कोणाच्या नावावर नव्हता. परवाना तपासणारी काही व्यावसायिक सॉफ्टवेअरे आपली गुप्त खूण नेमकी तेथेच लिहीत, आणि विंडोजमध्ये एखादे महागडे पॅकेज उघडल्यानंतर लिनक्स सुरू होत नाही, असा वरवर अतर्क्य वाटणारा बिघाड उद्भवे. उबुंटूने २००९ च्या ऑक्टोबरपासून ग्रबची दुसरी आवृत्ती वापरायला घेतल्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ ही काळ्या पडद्यावरची ओळ अनेकांच्या परिचयाची झाली. लिनक्स नकोसे झाले म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचे पार्टिशन पुसले, तरी पहिल्या सेक्टरमधला कोड आणि पट्ट्यातला गाभा जागेवरच राहतात. आपले उरलेले भाग शोधायला गेलेल्या ग्रबला तेथे काही सापडत नाही आणि तो थांबतो. विंडोज सुखरूप असते. पहिल्या सेक्टरमध्ये विंडोजचा कोड परत लिहिला, की काम होते.

चार नोंदींच्या मर्यादेने याहून मोठे नुकसान केले. विंडोज ७ च्या काळात अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच चार प्राथमिक पार्टिशनांसह येत : एक बूटच्या फायलींसाठी, एक सी, एक डी आणि एक रिकव्हरीसाठी. लिनक्सकरिता सी आकसून मोकळी जागा काढली, तरी पाचवी नोंद करायला तक्त्यात जागा उरलेली नसे. अशा वेळी त्या मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करायला सांगितले, की विंडोज विचारी : डिस्कचे रूपांतर डायनॅमिक डिस्कमध्ये करू का? निरुपद्रवी वाटणाऱ्या त्या प्रश्नाला होकार दिला, की सगळी पार्टिशने विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीत जात आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला तेथे पाय ठेवायला जागा राहत नसे. परत फिरायचे तर विंडोज स्वतः सगळे पुसायला सांगे. त्या प्रश्नात धोक्याची सूचना नावालाच होती, हा त्या काळच्या रचनेचा दोष मानावा लागेल.

गोव्यात साधारण याच्या आधीच्या दशकात, शाळांसाठी परदेशातून मिळालेले जुने संगणक लिनक्सवर चालवण्याचा प्रयत्न झाला होता. त्या संगणकांवर एकच प्रणाली असल्यामुळे हे प्रश्न तेथे उद्भवण्याचे कारण नव्हते. ड्युअल बूटचा प्रसार पुढे वसतिगृहांतून आणि घरांतून झाला, आणि तोवर नवे फर्मवेअर येऊन ठेपले होते.

इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेल्या ईएफआय या नव्या फर्मवेअर-पद्धतीचे काम २००५ साली यूईएफआय फोरमकडे गेले आणि पद्धतीलाही यूईएफआय हे नाव मिळाले. या पद्धतीत पार्टिशनांचा जीपीटी तक्ता सर्वसाधारणपणे १२८ नोंदींचा असतो, आणि बूटलोडर पहिल्या सेक्टरऐवजी फॅट पद्धतीच्या एका खास पार्टिशनमध्ये साध्या फायलींच्या रूपात राहतो. प्रत्येक प्रणालीला तेथे स्वतःचा फोल्डर मिळाल्याने जुना मालकीचा वाद कागदोपत्री मिटला. प्रत्यक्षात तो बूटच्या क्रमावर सरकला, कारण कोणता बूटलोडर आधी चालवायचा हे फर्मवेअरच्या स्मृतीतल्या नोंदी ठरवतात आणि त्या नोंदी दोन्ही प्रणाली बदलू शकतात. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर तर नोंद काहीही असली तरी विंडोजचाच बूटलोडर शोधते. मात्र सर्वाधिक घोटाळा होतो तो जुनी (बायोसची) आणि नवी पद्धत एकाच संगणकात शिल्लक असल्यामुळे. बूटच्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी यूईएफआय हा शब्द लावून. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असताना घाईत नुसत्या नावाची ओळ निवडली, तर लिनक्स जुन्या पद्धतीने बसते, आणि मग ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू करता येत नाही. ग्रब दुरुस्त करण्याच्या धडपडीत संध्याकाळ घालवण्याआधी ही गोष्ट तपासावी : लिनक्समध्ये ‘सिस’खालील ‘फर्मवेअर’ या डिरेक्टरीत ‘ईएफआय’ नावाची डिरेक्टरी नसेल, तर चालू असलेली पद्धत जुनीच आहे. पद्धत बरोबर असूनही यादीत विंडोज नसेल, तर कारण अलीकडचे असू शकते. २०२१ सालच्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर हा भाग सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवला जातो, आणि तो सेटिंगमधून चालू करावा लागतो.

विंडोज ८ हे २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आले ते फास्ट स्टार्टअप घेऊन. या सोयीमुळे ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा कर्नल पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पार्टिशन अर्धवट उघड्या स्थितीत राहते. लिनक्स ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा मुळीच उघडत नाही. गंमत अशी, की ‘रीस्टार्ट’ केले तर विंडोज खरोखर बंद होते. त्यामुळे रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेल्यावर दुकानाच्या फायली व्यवस्थित सेव्ह होतात, आणि रात्री शट डाउन करून सकाळी थेट लिनक्स सुरू केले की त्याच फायली हात लावू देत नाहीत. डिस्क खराब झाली असावी असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात. पॉवरच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद केले की प्रश्न मिटतो. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात तर ते बंद असलेलेच बरे.

घड्याळाचा घोळ याहून जुना, पण निरुपद्रवी आहे. पीसीच्या घड्याळाच्या चिपमध्ये वेळ साठते, टाइम झोन साठत नाही. डॉसपासून विंडोजने तेथे स्थानिक वेळ ठेवली, तर लिनक्सने युनिक्सच्या परंपरेप्रमाणे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मानली. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ जुळवून चिपमध्ये लिहिली, की नंतर विंडोज बरोबर साडेपाच तास मागे पडते. फरक नेमका साडेपाच तासांचा असला, तर घड्याळाची बॅटरी बदलू नये. दोहोंपैकी एका प्रणालीला दुसरीची रीत पाळायला सांगितले की पुरते.

सिक्युअर बूटही विंडोज ८ बरोबरच घरोघरी पोहोचले. फर्मवेअर ज्यावर विश्वास ठेवते त्या प्रमाणपत्राची सही असलेलाच बूटलोडर चालेल, हा त्याचा नियम. आणि बाजारातल्या बहुतेक संगणकांत ती प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टची असतात. मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ मध्ये शिम हा छोटा बूटलोडर तयार करून मार्ग काढला : शिमवर मायक्रोसॉफ्टची सही, आणि पुढच्या ग्रबची पारख शिमकडे. २०२० साली ग्रबमध्ये बूटहोल ही गंभीर त्रुटी उघड झाल्यावर, सदोष आवृत्त्या एकेक करून बाद करण्याऐवजी आवृत्तींच्या पिढ्याच बाद करणारी एसबॅट ही व्यवस्था आली. १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजच्या अद्ययावतीकरणातून असा एक आदेश फर्मवेअरमध्ये गेला. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना तो लागू होणार नाही असे जाहीर झाले होते, परंतु असे काही संगणक ओळखले गेले नाहीत, आणि तेथे लिनक्स निवडताच ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन संगणक बंद होऊ लागला. मायक्रोसॉफ्टने या प्रश्नाचे कायमचे निराकरण मे २०२५ मध्ये दिले. तोवरचा उपाय असा होता, की सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, मोकयुटिल या साधनाने एसबॅटचे धोरण पुसायचे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे.

हा उपाय करण्याआधी बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी, कारण सिक्युअर बूटमध्ये बदल दिसला की एन्क्रिप्ट केलेले विंडोज ती मागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने केलेल्या नव्या स्थापनेत हे एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. शिमवरच्या सहीसाठी वापरल्या जाणाऱ्या २०११ च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६ पर्यंतचीच आहे. आधीच सही झालेले बूटलोडर त्यानंतरही चालतात, पण नव्या शिमवर २०२३ च्या प्रमाणपत्राची सही असणार. ज्या जुन्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ते प्रमाणपत्र पोहोचलेले नसेल, त्याच्यावर नव्याने लिनक्स बसवण्यापूर्वी फर्मवेअरचे अद्ययावतीकरण करून घ्यावे लागेल.